घोडनदीकाठचं ताट : इनामगावपासून उसापर्यंत

या पानावर आपण एरवी कांद्याचा करपा, उसाची हुमणी, बाजरीचं बियाणं असं काहीबाही लिहीत असतो. आजची नोंद शेतातून निघून थेट चुलीपाशी जाते. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतली माणसं साडेतीन हजार वर्षांत काय खात आली, त्यातून त्यांच्या हाडामांसाचं काय झालं, आणि आज आपल्या ताटाचं काय करायचं, एवढाच विषय.

समतोल आहार म्हटलं की माणूस दवाखान्यातल्या भिंतीवरचा रंगीत तक्ता डोळ्यापुढं आणतो. सफरचंद, पालक, दुधाचा ग्लास. तो तक्ता चुकीचा नाही, पण आपल्याला तो परका वाटतो. आपल्या भागात ताट बाजारात ठरत नव्हतं, ते पेरणीला ठरायचं. पाभरीमागं जेवढ्या जातीचं बी पडायचं तेवढ्या वाट्या ताटात यायच्या. शेतातल्या ओळी कमी झाल्या तशा वाट्या कमी झाल्या. हा हिशेब इतिहासातून बघितला की तो तक्ता आपलाच वाटायला लागतो.

इनामगाव : आपल्या तालुक्यातलं पहिलं ताट

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथं खोदकाम केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली, म्हणजे सलग नऊशे वर्षं नांदलेली शेतकऱ्यांची वस्ती तिथं सापडली. मातीची घरं, चुली, धान्य साठवायचे बळद, रांजण, जनावरांची हाडं, आणि जळून कोळसा झाल्यामुळं टिकून राहिलेले धान्याचे दाणे. दौंड तालुक्यात वाळकीलाही त्याच काळातल्या शेतकऱ्यांची वस्ती मिळाली.

त्या दाण्यांवरून ताट कळतं. मुख्य धान्य होतं सातू, म्हणजे जव. गहूही होता. बाजरीचं राज्य अजून यायचं होतं. बाजरी मूळची आफ्रिकेतली. पण गंमत पुढं आहे. सातूच्या बरोबरीनं मसूर, हुलगा, वाटाणा, लाख, वाल अशी कडधान्यांची रांगच सापडली. बोराच्या बिया सापडल्या. गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळलेल्या होत्या, शिकार आणि मासेमारी होती. म्हणजे धान्य, डाळ, फळ, मांस-मासे असं सगळं एका वस्तीत. पुराचं पाणी आवरायला बांध आणि पाणी वळवायला चारी असल्याच्या खुणाही तिथं आहेत. पाणी व्यवस्थापन आपल्या भागाला नवीन नाही.

आता दुसरी बाजू. इनामगावची माणसं लहान मुलं गेली की दोन रांजणं तोंडाला तोंड लावून, त्यात मूल ठेवून घराच्या जमिनीखाली पुरायची. अशी दोनशेहून जास्त दफनं तिथं मिळाली, आणि त्यात बहुतेक लहान मुलांची. दात आणि हाडं बोलतात. पोटात असताना आईला अन्न कमी पडलं, किंवा बाळ आजारी पडलं, तर दाताच्या चकाकीवर खोट राहते आणि ती कायमची राहते. जॉन लुकाक्स, सुभाष वाळिंबे आणि पुढं ग्वेन रॉबिन्स शुग या संशोधकांनी ही मुलं अभ्यासली. वस्तीच्या शेवटच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी १००० नंतर, शेती मागं पडली, गहू कमी झाला, माणसं शिकारीवर आणि रानातल्या अन्नावर जास्त विसंबली. चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या. त्या काळातली मुलं उंचीच्या मानानं अंगानं भरलेली नव्हती, आणि लहानपणीच जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसतं.

असं का झालं यावर संशोधकांत मतभेद आहेत. कुणी पाऊस कमी झाला म्हणतं, कुणी जमीन आणि झाडोरा ओरबाडला गेला म्हणतं. आपल्यासाठी मुद्दा एवढाच की ताट आकसलं की त्याची पहिली नोंद घरातल्या सगळ्यात लहान जिवाच्या अंगावर होते. तीन हजार वर्षांपूर्वीही तसंच होतं.

१८७६ : माणसाला दिवसाला किती धान्य लागतं?

आहाराचे 'नियम' सरकारी कागदावर आले ते कुणाच्या तब्येतीच्या काळजीनं नव्हे, दुष्काळी कामावरच्या मजुराला कमीत कमी किती देऊन भागेल या हिशेबातून आले.

१८७६-७८ चा दुष्काळ पुणे जिल्ह्याच्या पूर्व पट्ट्याला फार लागला. दौंडचा मुलूख तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडायचा. त्याच्या एकच वर्ष आधी, मे १८७५ मध्ये, सुप्यापासून सावकारांविरुद्धचा उठाव पेटला होता आणि तो भीमथडी, शिरूर या भागात पसरला होता. म्हणजे कणगी आधीच रिकामी, वर पाऊस गेला. माणसं खडी फोडायला आणि माती वाहायला गेली. दौंड-मनमाड रेल्वेमार्गाचं काम त्याच दुष्काळात निघालं.

मजुरी किती द्यायची हे बघायला सर रिचर्ड टेंपल यांना नेमलं होतं. त्यांनी ठरवलं की एका माणसाला दिवसाला १ पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत. १ पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. आपण सरळ बाजरीचा हिशेब मांडू. १०० ग्रॅम बाजरीतून साधारण ३५० कॅलरी मिळतात, म्हणजे ४५४ ग्रॅममधून १६०० च्या आत-बाहेर. दिवसभर दगड फोडणाऱ्या गड्याला ते निम्मंसुद्धा नीट भागत नाही. वर डाळ नाही, भाजी नाही, तेल नाही.

मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी याला जाहीर विरोध केला. त्यांचं म्हणणं, धान्य दीडपट पाहिजे आणि नुसत्या धान्यावर माणूस राबू शकत नाही, सोबत डाळ आणि भाजी हवी. इकडं पुण्यात सार्वजनिक सभेनं, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका यांच्या पुढाकारानं, गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अर्ज केले. १८७७ च्या सुरुवातीला मजुरी कापली आणि लांबच्या कामावर जायला सांगितलं, तेव्हा मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामावर जायचंच नाकारलं. उपाशी माणसानं केलेला हा संप होता.

'धान्यासोबत डाळ पाहिजे' हे वाक्य आज आपल्याला शाळेच्या पुस्तकातलं वाटतं. त्याच्यासाठी माणसं भांडलेली आहेत.

एका पाभरीत सहा वाट्या

पाऊस बरा झाला की त्या काळी आपल्याकडं ताट कसं असायचं? आपला पट्टा पर्जन्यछायेतला, पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. खरिपाला हलक्या रानात बाजरी, रब्बीला भारी रानात ज्वारी. पण बाजरी एकटी पेरायची पद्धत नव्हती. चार-सहा ओळींमागं एक ओळ तुरीची, कुठं मटकी, कुठं हुलगा, मूग. बांधाला आणि मधेमधे अंबाडी, तीळ, कारळं. रब्बीच्या ज्वारीत करडईची ओळ, कडेला जवस, शेजारी हरभरा.

शेतकऱ्यानं हे आहारशास्त्र वाचून केलं नव्हतं. पाऊस लवकर गेला तर बाजरी जायची पण हुलगा-मटकी हाताला लागायची, हा त्यातला सरळ विमा होता. अंबाडीचा पाला भाजीला, बी तेलाला, वाखाचे दोर. द्विदल पिकाच्या मुळावरच्या गाठी जमिनीला नत्र द्यायच्या. पण विम्याबरोबर ताटही आपोआप जमून यायचं.

ते कसं, हे आज शास्त्रानं सांगता येतं. आपल्या शरीराला लागणाऱ्या प्रथिनांचे काही घटक शरीर स्वतः बनवत नाही. त्यातला लायसिन नावाचा घटक बाजरी-ज्वारी-गव्हात कमी, डाळीत भरपूर. डाळीत जो गंधकाचा घटक कमी, तो धान्यात बरा. भाकरी आणि हुलग्याचं पिठलं एकत्र पोटात गेलं की दोघांची उणीव भरून निघते. १०० ग्रॅम बाजरीत ६ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, पांढऱ्या सडीच्या तांदळात १ मिलिग्रॅमसुद्धा नाही. हुलग्यात शंभराला वीस-बावीस ग्रॅम प्रथिन आणि अडीचशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम. भाकरीवर कच्चा कांदा, लिंबाची फोड, हिरवी मिरची घेतली की त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळं धान्यातलं लोह अंगी लागतं. त्याच जेवणावर लगेच चहा प्यायला की ते लोह बरंचसं वाया जातं.

आमची आजी हुलग्याचं माडगं करायची. थंडीत, बाळंतिणीला, आणि पाठ धरलेल्या गड्याला. श्रावणाच्या आधी-मागं रानात तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू उगवायचं, ती पोरींची खुडणी. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, वाल-पावटा, गाजर, वांगं, शेंगदाणे घातलेली मिसळ भाजी. ते ताट आजही कुठल्याही आहारतज्ज्ञापुढं ठेवा, काही काढून टाकायला सांगणार नाही.

आणि 'परंपरा' म्हणून फार ताठ व्हायचंही कारण नाही. मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो, पेरू ही सगळी अमेरिका खंडातून, पोर्तुगीज इकडं आल्यावर आलेली. आपल्या ताटात पाहुणे येत राहिले आणि घरचे झाले. नवीन काही येऊ नये असं मी म्हणत नाही. येताना जुन्याला हाकलू नये, एवढंच.

जातेगाव बुद्रुक : चांगलं ताट, पण अर्धं रिकामं

जुनं सगळं सोनं होतं असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच तालुक्यातलं एक पुस्तक आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य राहिलेले डॉ. हॅरोल्ड मान आणि त्यांचे सहकारी ना. वि. कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकचा घर न् घर अभ्यास केला. ते पुस्तक १९२१ साली निघालं. कोरडवाहू गाव म्हणून त्यांनी हे गाव मुद्दाम निवडलं होतं. प्रत्येक घराची जमीन, जनावरं, कर्ज, मजुरी, आणि खायला-ल्यायला वर्षाला लागतं किती, असा ताळेबंद मांडला. निघालं काय? सुमारे ८५ टक्के घरांचा ताळेबंद जुळतच नव्हता.

म्हणजे पेरा मिश्र होता, ताटातली जोडणी शहाणपणाची होती, पण ते ताट वर्षभर भरलेलं राहील याची खात्री नव्हती. चैत्र-वैशाखात कणगी खालच्या तळाला जायची आणि मग कर्ज काढून दाणे. जुन्या जेवणाचं गुणगान करताना हे विसरलं की आपण आपल्याच आज्या-पणज्यांवर अन्याय करतो. त्यातही त्या शेवटी जेवायच्या. जे उरेल ते.

उंदरांची पंगत

साधारण त्याच काळात, १९२०च्या दशकात, तिकडं दक्षिणेत कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन नावाचे डॉक्टर एक प्रयोग करत होते. उंदरांचे गट केले आणि एकेका गटाला हिंदुस्थानातल्या एकेका भागाचं जेवण दिलं. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी. कुठला गट जास्त वाढतो, निरोगी राहतो ते बघितलं. पहिला आला शीख जेवणाचा गट. अख्ख्या गव्हाची रोटी, दूध-दही-लोणी, डाळ, पालेभाजी, फळं, आणि कधीतरी मांस. दुसरा पठाण. तिसरं आलं मराठा जेवण. तळाला गेली ती सडीच्या पांढऱ्या तांदळावर उभी असलेली जेवणं, ज्यात दूध आणि भाजी थोडी.

उंदीर तो उंदीर, माणूस तो माणूस, हे धरूनही शिकायला मिळतं. आपलं जेवण खालून नव्हे, वरून तिसरं होतं. पहिल्या गटापेक्षा आपल्याकडं कमी काय होतं तर दूध आणि भाजी-फळ. कुन्नूरची तीच प्रयोगशाळा पुढं १९५८ मध्ये हैदराबादला गेली, आणि तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. त्याआधी १९३७ मध्ये डॉ. आयक्रॉइड यांनी कुन्नूरहूनच भारतीय अन्नपदार्थांत काय किती असतं आणि त्यातून पुरेसं जेवण कसं बांधायचं याची पुस्तिका काढली. आपल्या हुलग्या-मटकीला कागदावर आकडे मिळायला लागले ते तिथपासून.

१९७२ : मिलो आणि सुकडी

पुढचा घाव १९७२चा. आजही आपल्याकडं वय सांगताना 'बहात्तरच्या दुष्काळात मी एवढा होतो' असं म्हणतात. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो, रेशनला मिळायची. तिची भाकरी तांबडी आणि घशाखाली उतरता न उतरणारी. कामावर सुकडी वाटायचे. नाला बंडिंग, पाझर तलाव, खडी फोडणं. पण १८७६ आणि १९७२ यांत मोठा फरक आहे. या वेळी राज्यानं मागेल त्याला काम द्यायचं धरलं, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढं देशानं २००५ मध्ये तसाच कायदा केला. माणसं हालात जगली, पण १८७६ सारखी लाखांनी मेली नाहीत.

दुष्काळानं एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या मनात पक्की बसवली : पोट भरलं पाहिजे, कशानं का असेना. संकरित बियाणं आलं, गहू-तांदळाचं रेशन आलं. सगळा जोर एका शब्दावर आला, धान्य. कडधान्य, गळित, रानभाजी यांच्याकडं कुणाचं लक्ष राहिलं नाही.

पाणी आलं, ऊस आला

१९६५ मध्ये चिंचणीला घोड धरण झालं. पुढं चासकमान, डिंभे यांचं पाणी, दौंडकडं मुठा कालवा, भीमेवरचे बंधारे, खाली उजनीचा फुगवटा. पाटसला भीमा कारखाना, न्हावऱ्याला घोडगंगा, दौंड तालुक्यात ठायीठायी गुऱ्हाळं. ऊस आपल्या भागाचा पोशिंदा झाला, हे नाकारायचं कारण नाही. पक्की घरं, पोरांची शिक्षणं, ट्रॅक्टर, लग्नं, सगळं त्यातून झालं. जातेगावच्या त्या ८५ टक्के घरांपुढं जो प्रश्न होता तो पाण्यानं बऱ्याच घरांपुरता सोडवला.

पण ऊस एकट्याचं पीक आहे. त्यात पाभर चालत नाही, मटकीची ओळ बसत नाही. तणनाशक मारलं की तांदुळजा आणि घोळ तणाबरोबर जातात. बांध कोरून कोरून वीतभर राहिले, मग अंबाडी आणि शेवगा कुठं लावणार? हुलगा तर शिवारातून गेलाच, आता दुकानात पुडीत मिळतो. पंधरा एकर बागायत असलेला माणूस कोथिंबिरीची जुडी आणि पाव किलो डाळ बाजारातून आणतो, हे आपल्या डोळ्यापुढं रोज घडतं. दुधाचं तसंच. गोठ्यात चार गाया, सकाळ-संध्याकाळ चाळीस लिटर डेअरीला, आणि घरात चहापुरतं.

ताट बघा. सकाळी चहा-बिस्किट किंवा चहा-खारी. दुपारी तीन-चार चपात्या, बटाटा किंवा रश्शाची भाजी, वर भात. संध्याकाळी वडापाव नाहीतर फरसाण. रात्री पुन्हा चपाती-भात. पोट गच्च, पण सगळं एकाच पोत्यातलं.

त्याची किंमत कुठं दिसते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत ५४ टक्के रक्त कमी असलेल्या निघाल्या. पाच वर्षांखालच्या मुलांत ६९ टक्के. हे दुष्काळी साल नव्हतं. रक्त कमी असायला लोहाशिवाय दुसरीही कारणं असतात, जंत, वारंवार बाळंतपण, आजार. पण ताट हे त्यातलं मोठं कारण. आणि बांधावर त्याच बाईच्या नवऱ्याला चाळिशीत साखरेच्या गोळ्या सुरू झालेल्या असतात. एकाच घरात एकाला कमी पडतंय, एकाला जास्त होतंय. इनामगावच्या मुलांचे दात बघायला खोदावं लागलं. आपल्याला दवाखान्याचा कागद बघितला तरी पुरतं.

तक्ता आपल्या मापात

राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी नव्यानं आहाराच्या सूचना काढल्या. २००० कॅलरीच्या दिवसाला, कच्च्या मापात, एका माणसाला : धान्य २५० ग्रॅम, डाळ-कडधान्य ८५ ग्रॅम, भाजी ४०० ग्रॅम, फळ १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, शेंगदाणे-तीळ अशी गळितं ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. मीठ ५ ग्रॅमच्या आत. दिवसाच्या ऊर्जेतला धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. आपल्या देशात तो ५० ते ७० टक्के आहे. शेतात राबणाऱ्याला सगळंच वाढवावं लागतं, पण वाढवताना नुसती चपाती वाढवायची नाही, प्रमाण ठेवून वाढवायचं. धान्याच्या तीन भागाला डाळीचा एक भाग. अंडी, मासे, मटण खाणाऱ्यांनी डाळीचा काही भाग त्यानं भागवला तरी चालतं.

आता हे शेताच्या भाषेत मांडू. पाच माणसांचं घर धरा.

डाळ : ८५ ग्रॅम गुणिले ५, म्हणजे दिवसाला सव्वाचारशे ग्रॅम. वर्षाला दीड क्विंटलच्या थोडं वर. कोरडवाहू मटकी, हुलगा, मूग, तूर मिळून एकरी तीन-चार क्विंटल धरली तरी घराची वर्षाची डाळ अर्ध्या एकरात निघते.

धान्य : दिवसाला सव्वा किलो, वर्षाला साडेचार क्विंटल. बरी निगा ठेवलेल्या बाजरीचं एवढं उत्पन्न एकराच्या आतच मिळतं. आणि बाजरी-तुरीच्या ओळी एकाच रानात बसतात.

गळित : वर्षाला साठ किलोच्या थोडं वर. शेंगदाणे, तीळ, कारळं, जवस, सगळं मिळून. पाच-सात गुंठ्यांचा भुईमूग आणि बांधाचे तीळ.

भाजी : दिवसाला दोन किलो. इथं बाजार लागेल, पण दोन शेवग्याची झाडं, एक हादगा, विहिरीजवळ दोन गुंठ्यांत मेथी-पालक-तांदुळजा-वांगी-गवार, कुंपणाला घेवडा आणि दोडका एवढं असलं तरी निम्मं भागतं.

दूध : दीड लिटर. डेअरीला घालायच्या आधी काढून ठेवायचं, उरलेलं नव्हे.

तेल : महिन्याला चार किलो. घरातला डबा किती दिवसांत संपतो ते एकदा लिहून बघा.

दोन गोष्टी आणखी. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांनी 'धनशक्ती' नावाचा जास्त लोहाचा बाजरीचा वाण काढला, तो २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी आला. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात, १२ ते १६ वयाच्या सुमारे अडीचशे शाळकरी मुलांवर जास्त लोहाच्या बाजरीचा अभ्यास झाला. काही महिने रोज दोन्ही वेळ ती बाजरी खाल्लेल्या मुलांच्या अंगातला लोहाचा साठा साध्या बाजरीपेक्षा चांगला सुधारला. औषध नव्हे, भाकरी. आणि दुसरी, ज्यांना साखर, मूत्रपिंड असा आजार आहे त्यांनी ताट बदलताना आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदलावं. ज्या बाईचं रक्त फार कमी आहे तिला गोळ्या लागतातच. भाकरीवर भागेल म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत.

उरलेला हिशेब

हा सगळा इतिहास एका ओळीत सांगायचा तर असा : पूर्वी ताटात जोडणी होती, पण ते भरेल याची खात्री नव्हती. आता खात्री आहे, जोडणी गेली. १८७६च्या मजुराला कुणी विचारलं नाही की तुला डाळ हवी का. जातेगावच्या माणसाला डाळ कळत होती, पण कणगीत नव्हती. ७२ला जे आलं ते खाल्लं. घोड-भीमेच्या काठावर भरलेलं आणि जोडलेलं, अशी दोन्ही ताटं एकत्र करायची ऐपत असलेली आपली पहिली पिढी आहे. पाणी आहे, बियाणं आहे, माहिती आहे.

ऊस मोडा असं मी म्हणत नाही. माझ्याही रानात तो उभा आहे. दहा एकर असतील तर एक एकर घराच्या ताटासाठी ठेवा. दोनच एकर असतील तर सुरू उसाच्या लावणीआधी खरिपाला मूग-मटकी घ्या, आडसालीच्या सरीत सुरुवातीला भुईमूग किंवा मेथी घ्या. आणि त्या रानात काय पेरायचं हे ताटं वाढणारीला विचारा, कारण काय संपलंय हे तिला माहीत असतं. ती शेवटी जेवते तोवर भांड्यात डाळ उरते का, हे बघणं बाकीच्यांचं काम.

जून तोंडावर आहे. बाजरीच्या बियाण्याबरोबर दोन-दोन किलो हुलगा, मटकी आणि तूर घेऊन ठेवा, मूठभर अंबाडी कुणाकडं मिळाली तर तीही. पाभर बांधताना मधली ओळ मोकळी सोडा.